जेक्सचं डुक्कर

यंदा काही झालं तरी रस्त्यावर जायचं नाही, असं मिस झेल्माने (इकडे आज्यांनाही मिसच म्हणतात) कानाला खडा लावून ठरवलं होतं. तिचं घर हमरस्त्याला इतकं चिकटून होतं, की ट्रक गेला की फळीवरच्या कपबशा वाजायच्या. त्यामुळे तिच्या या निश्चयाला काडीचा अर्थ नव्हता, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

त्यातून दिवस ईस्टरच्या आदल्या शनिवारचा, म्हणजे सायकल शर्यतीचा. पहाटे बेलीझ शहरातून निघायचं, पश्चिमेला कायोपर्यंत जायचं, पूल ओलांडून मागे फिरायचं आणि पुन्हा शहर गाठायचं. एकशे चाळीस मैल, एका दमात. शहरात जो पहिला पोचेल त्याच्या गळ्यात फुलांचा हार. त्या दिवशी या देशात कुणी मेलं तरी निरोप दुपारनंतर पाठवतात. आणि यंदा त्या शर्यतीत झेल्माचा नातू टायरेल होता. नुसता होता असं नाही, पहिल्या पाचांत त्याचं नाव घेतलं जात होतं.

मग आजी घरात कोंडून का घेत होती? त्यासाठी अठ्ठेचाळीस वर्षं मागे जायला हवं.

एकाहत्तर सालच्या शर्यतीत तिचा नवरा एगबर्ट जेक्स असाच पुढच्या चौघांत होता. शहर अकरा मैलांवर राहिलेलं. चौघांत एगबर्टचे पाय सगळ्यांत ताजे, हे रेडिओवाला घसा फोडून सांगत होता. आता या शर्यतीची एक रीत आहे. वाटेवरचं प्रत्येक गाव आपापलं बक्षीस ठेवतं. कुणी तांदळाचं पोतं, कुणी बिअरची पेटी, कुणी कोंबड्या. गावाने रस्त्यावर चुन्याची रेघ मारायची, त्या रेघेवरून ज्याचं चाक आधी जाईल त्याचं बक्षीस. आणि ज्याचं ते गाव, त्याने बक्षीस दुसऱ्याला नेऊ द्यायचं नाही, हे कुठे लिहिलेलं नसलं तरी कुणी मोडत नाही. एगबर्टच्या गावाने त्या वर्षी डुक्कर ठेवलं होतं. एगबर्ट सुटला, तीस हातांनी पुढे निघाला, डुक्कर जिंकलं, आणि मग हॅण्डल सोडून सरळ बसला आणि त्याने हात वर केला. तेवढ्यात मागचे तिघे सुसाट पुढे गेले. एगबर्टने त्यांना गाठलं खरं, पण गाठण्यातच पाय संपले. शहरात तो एका चाकाने हरला. हातातोंडाशी आलेला घास गेला आणि घरी डुक्कर आलं. वर्तमानपत्रात फोटो आला तोही डुकरासोबत, आणि दोघांपैकी डुक्कर जास्त खुशीत दिसत होतं.

दुसरा कुणी असता तर गाव सोडून गेला असता. एगबर्टने पुढच्या वर्षी आपल्याच गोठ्यातलं एक डुक्कर बक्षीस म्हणून ठेवलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. सत्तेचाळीस वर्षांत सत्तेचाळीस डुकरं. अख्ख्या देशाला ‘जेक्सचं डुक्कर’ ठाऊक झालं. आणि माणसाचा स्वभाव असा, की चार वर्षांतच कुणाच्या तरी लक्षात आलं, ज्याने जेक्सचं डुक्कर घेतलं त्याला हार कधीच मिळत नाही. मग काय, हाराची आशा असलेले त्या रेघेपाशी पायडलवरचा जोर कमी करायचे आणि डुक्कर कुणीतरी मागून आलेला हौशी पोरगा घेऊन जायचा.

हे सगळं सगळ्यांना माहीत होतं. एगबर्टने तो हात कुणाला केला होता, हे मात्र एकट्या झेल्माला माहीत होतं. तेव्हा ती वीस वर्षांची होती, हॅटीव्हिलहून मावशीकडे आलेली. रिकाम्या खोक्यावर उभी राहून तिनेच आधी हात हलवला होता. नजरानजर झाली, तो सरळ बसला, आणि बाकी इतिहास. सप्टेंबरात दोघांचं लग्न झालं. चार मुलं झाली, नातवंडं झाली. एगबर्ट विचारणाऱ्याला सांगायचा, “गावाला हात केला. गावाचं डुक्कर, गावाला नको करायला?” झेल्मा गप्प बसायची. या माणसाचा हार आपण अडवला, ही सल तिच्या मनातून एक दिवसही गेली नव्हती. एगबर्ट आता बहात्तरचा होता, छातीचं दुखणं मागे लागलेलं. त्याच्या डोळ्यांदेखत या घरात एकदा हार यावा, एवढं एकच तिचं मागणं होतं. आणि ज्या जागी आपण एकदा माती खाल्ली, तिथे पुन्हा उभं राहायची तिची छाती होत नव्हती.

आदल्या दिवशी, गुड फ्रायडेला, टायरेल जेवायला आला होता. त्या दिवशी गावात कुणी खिळा ठोकत नाही, पान्याला हात लावत नाही, त्यामुळे सायकल गुरुवारीच सज्ज करून ओसरीत टेकवलेली. टेबलावर बन आणि चीज. टायरेलने चौथा बन संपवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

“आजोबा, डुक्कर जिंकल्यावर तुम्ही थांबलात कशाला?”

“थांबलो कुठे? सरळ बसलो.”

“तेच ते. तीस हात पुढे होतात ना? मागचे ढिम्म होते ना?”

“डुकरासाठी कुणी सुटला की बाकीचे जाऊ देतात रे. बक्षीस घेऊन आपोआप परत येतो तो. रीतच आहे.”

“म्हणजे तुमच्या मागे कुणीच येत नव्हतं. मग तुम्ही तसेच का नाही गेलात?”

अठ्ठेचाळीस वर्षांत एगबर्टला लोकांनी नाही नाही ते विचारलं होतं. डुक्कर कसं लागलं चवीला, इथपर्यंत. हे कुणी विचारलं नव्हतं. तो उठला आणि डुकराला बघून येतो म्हणून गोठ्याकडे गेला. चुलीपाशी झेल्माच्या हातातला झारा तसाच राहिला.

“मी चुकीचं बोललो का गं आजी?”

“बन खा,” झेल्मा म्हणाली. “आणि उद्या इथून जाताना माझ्याकडे बघू नकोस. मी नसणारच बाहेर.”

“असं कसं? तुला हात केल्याशिवाय मी कधी गेलोय का या घरावरून?”

“म्हणूनच सांगतेय.”

शनिवारी सकाळी साडेसहाला सगळा घोळका पश्चिमेला गेला तेव्हा झेल्मा खरोखरच आत होती. पडद्याच्या फटीतून बघणं हे बाहेर जाणं नव्हे, असं तिचं म्हणणं. साठ-सत्तर सायकली एका झुळकीत गेल्या, मागून बर्फाची पिंपं आणि नातेवाईक लादलेले पिकअप. मग रस्ता मोकळा झाला आणि गाव भात-राजमा शिजवायला आणि रेडिओ ऐकायला मोकळं झालं.

नऊ वाजता समोरची मिस ऑलिव्ह तिची खुर्ची घेऊन थेट झेल्माच्या ओसरीत आली. तिच्या घरी चांगला रेडिओ होता, पण एकटीने ऐकण्यात टोमणे मारायची सोय नव्हती.

“ऐकलंस? तुझ्या नातवाने टीकेटलला तांदळाचं पोतं सोडलं. जॉर्जव्हिलला बिअर सोडली. आजाराबिजारातून उठलाय की काय पोरगा?”

“पाय राखून ठेवतोय.”

“जेक्स आणि पाय राखून ठेवणार? रक्तात नाही गं ते. तुमच्या घराण्याला बक्षीस दिसलं की डोकं आणि पाय वेगळ्या गावाला जातात.”

“ऑलिव्ह, तुला कॉफी हवी असेल तर तोंड जरा बंद ठेव.”

“साखर दोन चमचे,” ऑलिव्ह म्हणाली आणि तोंड काही बंद ठेवलं नाही.

कायोच्या पुलापर्यंत पाठीवर वारा होता, तोवर सगळेच शूर. परतीला तोंड फिरवलं की समुद्राकडून समोर वारा येतो आणि मग एकेकाचं पितळ उघडं पडतं. रेडिओवरचा लॉयड बॅनर एकेक नाव गळत असल्याचं सांगू लागला. रोअरिंग क्रीकला अकरा उरले. हॅटीव्हिल यायच्या आत चार. शहरातले दोघे, कायोचा रेनॅन कोकोम, जो गेल्या दोन वर्षांचा हार घेऊन बसला होता, आणि टायरेल जेक्स.

“कोकोमच्या पायांकडे बघा मंडळी,” लॉयड सांगत होता, “हा माणूस अजून शिट्टी वाजवू शकेल. शेवटच्या मैलात याच्या जवळ जायची कुणाची टाप नाही. पोरगा जेक्स हिमतीचा आहे, पण शेवटच्या धावेत कोकोम त्याला खाऊन टाकणार.”

झेल्मा उठली आणि तिने एप्रन सोडलं. एप्रन खुंटीला लावायच्या ऐवजी तिने पुन्हा कमरेला बांधलं, आणि ऑलिव्हने काही बोलायच्या आत ती पायऱ्या उतरून फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

रस्त्याकडेला अख्खं गाव होतं. आंब्याखाली एगबर्टचा पिकअप, त्यावर लाकडी पिंजऱ्यात यंदाचं डुक्कर, गळ्यात लाल फीत. त्याचं नाव एगबर्टने ‘मंत्री’ ठेवलं होतं, कारण ते खायचं खूप आणि उठायचं कमी. समोर ताज्या चुन्याची रेघ. रेघेशी एगबर्ट, हातात पांढरा रुमाल.

“आलीस?” त्याने विचारलं.

“मीठ संपलंय, ऑलिव्हकडे चाललेय.”

“ऑलिव्ह तुझ्या मागे ओसरीत उभी आहे, झेल.”

तेवढ्यात वळणावर पोलिसांची मोटारसायकल दिसली आणि तिच्या मागे चौघे, उन्हाने तापलेल्या रस्त्यावर हळूहळू मोठे होत गेलेले. गाव ओरडायला लागलं. “टायरेल, डुक्कर. टायरेल, डुक्कर घे.” बादल्या भरून पाणी तयार होतं. आणि चौघे येत होते, येत होते, पण कुणी सुटेना. शहरातल्या एकाने पिंजऱ्याकडे बघून तोंड फिरवलं. दुसऱ्याने छातीवर क्रॉसची खूण केली. कोकोम तर हसला. दोनशे हात राहिले, दीडशे राहिले. ओरडणं हळूहळू विरलं. गावाला कळेना काय चाललंय. आपलं बक्षीस कुणालाच नको. चौघे चार अनोळखी माणसांसारखे आपल्या रेघेवरून फिरायला निघाल्यागत जाणार, आणि त्यात आपला पोरगाही. झेल्माने एगबर्टकडे पाहिलं. रुमालाचा हात खाली आला होता आणि चेहरा असा झाला होता, की तिला तो बघवेना.

आणि टायरेल सुटला.

सायकल डावीकडे घेऊन, सीटवरून उठून, सगळ्या अंगाने. गाव जे ओरडलं ते ऐकून मंत्रीही पिंजऱ्यात उभा राहिला. मागे कोकोमने मान हलवली आणि दोघांना काहीतरी म्हणाला. तिघेही हसले. जेक्स तो जेक्सच. जाऊ दे त्याला, घेऊ दे डुक्कर, येईल परत. कोकोमने बाटली काढून निवांतपणे डोक्यावर पाणी ओतलं.

टायरेल रेघेवरून गेला. एगबर्टचा रुमाल पडला. आणि नेमकं तेव्हा झेल्माने पाहिलं की टायरेलची मान वर येतेय, नजर फाटकाकडे वळतेय. त्याच्या सवयीने. पाच वर्षांचा असताना तीनचाकीवरून करायचा तसा हात आता हॅण्डलवरून उचलला जाणार होता. त्याच जागी, त्याच रेघेपलीकडे.

तिने पाठ फिरवली.

रस्त्याकडे पाठ करून, घराकडे तोंड करून, दोन्ही हात एप्रनच्या खिशात घट्ट कोंबून, डोळे मिटून ती उभी राहिली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, “इथे काय बघतोस मेल्या, पुढे बघ.”

चाकांचा आवाज तिच्या मागून गेला. तो थांबला नाही, मंदावला नाही. मग बराच वेळ काही नाही, मग तिघांच्या चाकांचा संथ आवाज. तिने डोळे उघडले तेव्हा ओसरीतून ऑलिव्ह तिच्याकडे आ वासून बघत होती.

“पोरगा गेला की गं,” ऑलिव्ह म्हणाली. “बसलाच नाही सरळ.”

एगबर्ट पळत आला. बहात्तराव्या वर्षी, छातीचं दुखणं असताना. फाटकाला धरून धापा टाकत तो म्हणाला, “रेडिओ. मोठा कर रेडिओ.”

रेडिओवर लॉयड अजून हसतच होता. “जेक्सच्या नातवाने जेक्सचं डुक्कर घेतलं. रक्त बोलतं म्हणतात ते खोटं नाही. आता पोरगा सरळ बसेल, पाणी पिईल, आणि आपण पुन्हा चौघांची... जरा थांबा. पोरगा बसत नाहीये.” क्षणभर नुसती खरखर. “मंडळी, पोरगा बसत नाहीये. पंचेचाळीस सेकंदांचं अंतर पडलंय, आणि कोकोमला याचा पत्ता नाही.”

ओसरीत आता अर्धं गाव होतं. कुणी खांबाला लटकलेलं, कुणी कठड्यावर. मुलांना गप्प करायला मोठे त्यांच्यापेक्षा जोरात ओरडत होते. दहा मैल. कोकोमच्या माणसाने पिकअपमधून हात हलवून त्याला सांगितलं, आणि कोकोम असा उठला म्हणे, की बाटली रस्त्यात गेली. नऊ मैल, चाळीस सेकंद. एकटा माणूस, समोर वारा. मागे तिघे पाळीपाळीने पुढे येत, एकमेकांच्या आडोशाने. हिशोब उघड होता आणि तो टायरेलच्या बाजूने नव्हता. सहा मैल, अठ्ठावीस. शहरातला एक जण गळला. एगबर्ट खुर्चीवर बसला होता, आणि त्याचे पाय लाकडी जमिनीवर गोल गोल फिरत होते, त्याच्या लक्षातही न येता. चार मैल, वीस. झेल्माने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो धरून ठेवला. दोन मैल, अकरा.

“दिसला त्याला,” लॉयडचा आवाज फाटला होता. “कोकोमला पोरगा दिसला. शहर वेडं झालंय मंडळी, कठड्यावर माणसं चढलीत. जेक्सची सायकल डोलतेय, खांदे डोलताहेत. कोकोम आला, कोकोम आला. दोनशे हात. कोकोम मागच्या चाकाशी... कोकोम...”

मग लॉयड बॅनरला शब्द सुचले नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदा. नुसता लोकांचा आवाज येत राहिला आणि त्यात काही कळेना. ऑलिव्हने झेल्माचा दंड असा धरला की पुढचे चार दिवस तिथे वळ होता.

“जेक्स,” शेवटी रेडिओ म्हणाला. “अर्ध्या सायकलने. डुकरासकट.”

पुढचा तासभर कुणाचं काय चाललं होतं ते सांगण्यात अर्थ नाही. ऑलिव्हने झेल्माच्या नवऱ्याचा मुका घेतला, हे मात्र गावाने नीट लक्षात ठेवलं.

तीन वाजता भोंगे वाजवत पिकअप आले. टायरेलला दोघांनी उतरवलं, त्याचे पाय त्याचं ऐकत नव्हते. गळ्यात हार होता, उन्हाने थोडा कोमेजलेला. तो पायऱ्यांशी आला, हार काढला आणि एगबर्टच्या गळ्यात घातला. एगबर्टने एक फूल चिमटीत धरून पाहिलं, खरं आहे की कागदाचं. आणि मग म्हातारा सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

“आजी, पाठ काय फिरवलीस गं?” टायरेल म्हणाला. “माझा हात उचललाच होता. तुझी पाठ दिसली आणि म्हटलं, मेलो, म्हातारी चिडली. म्हणून सायकल तशीच दामटली.”

“चिडलेच होते,” झेल्मा म्हणाली. “आणि तुझं ते डुक्कर माझ्या अंगणातून हलव. जिंकलंयस ना?”

लोक पांगायला लागले, टायरेल ओसरीतच आडवा होऊन झोपला. जेवतानाही एगबर्टने हार काढला नव्हता, एक पाकळी भातात पडली तीही त्याने उचलून पुन्हा वर ठेवली. झेल्मा त्याच्या शेजारी बसली. आज विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही, हे तिला कळत होतं.

“एगबर्ट, खरं सांग. तेव्हा तू माझ्यामुळे सरळ बसलास ना?”

“तुझ्यामुळे?” एगबर्ट हसला. “आरशात बघ जरा. मी डुकराकडे बघत होतो. एवढं मोठं डुक्कर समोर असताना खोक्यावर उभी राहिलेली, पिवळ्या फ्रॉकमधली, खिसा फाटलेली पोरगी कोण बघणार?”

झेल्माने भाताचं पातेलं जवळ ओढलं. तो फ्रॉक त्याच वर्षी पावसाळ्यात पुरात गेला होता. वर्तमानपत्रातला फोटो काळापांढरा होता आणि त्यात ती नव्हती. खिसा त्याच दिवशी सकाळी मावशीच्या कुंपणाला अडकून फाटला होता, आणि तो कुणाला दिसू नये म्हणून ती सबंध वेळ डाव्या हाताने झाकून उभी होती. फक्त हात हलवताना तिने तो उचलला होता.

“आणखी भात वाढू?” तिने विचारलं.

“वाढ,” एगबर्ट म्हणाला, आणि पाकळी पडू नये म्हणून हार जरा मागे सरकवून त्याने ताट पुढे केलं.